गुलाबांचं पाणी

थोरल्या जावेचं खुब्याचं हाड मोडलं. लेकीकडे राहायला जाताना ती धाकटीला एवढंच म्हणाली, "गच्चीवरच्या कुंड्यांकडे बघशील ना गं?" आणि धाकटी हो म्हणून बसली.

धाकटी दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. त्या वाफेतून सुटून घरी यायची आणि बादली घेऊन जिना चढायची, कारण उन्हाळा लागताच गच्चीवरचा नळ कोरडा पडला होता. भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा ती साठवू लागली. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, मातीवर वाळका पाला पसरला, जुन्या चादरी बांधून सावली केली. तरी लादी अशी तापायची की चपलेतूनही चटका बसे.

"माझी एवढी उस्तवार केली असतीस तर मलाही पालवी फुटली असती," नवरा म्हणाला.

"आधी एक बादली वर न्या, मग बघू फुटते का."

त्यानं नेली. दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसला.

ऊन काही हटेना. एका संध्याकाळी ती रिकाम्या बादलीवर टेकली आणि तिनं ठरवलं, आता गुलाबांना पाणी नाही. जावेचा सगळा जीव त्या गुलाबांवर. पण निम्मं पाणी तेच पीत होते आणि तरी काळे पडत चालले होते. ते पाणी लिंबाला आणि जाईला मिळू लागलं. गुलाब वाळताना बघवेना, म्हणून ती त्यांच्याकडे पाठ करून पाणी घालायची.

जाऊ परतली ती काठी टेकत. जिना चढणं शक्यच नव्हतं.

"गुलाब कसे आहेत?"

छान आहेत म्हटलं असतं, तर वर जाऊन कोण बघणार होतं? पण खोटं रचायचंही त्राण धाकटीत उरलं नव्हतं.

"गेले, ताई. पाणी पुरेना. मीच त्यांचं बंद केलं."

"सगळे?"

"सगळे."

जावेचे डोळे भरून आले. धाकटी तिच्या शेजारी जाऊन बसली.

"दर उन्हाळ्यात जीव काढायचे माझा," जाऊ शेवटी म्हणाली. "पण सोडून द्यायला हात धजला नाही." मग डोळे पुसून, "लिंबू आहे ना?"

"आहे. बारकी लिंबं धरलीत."

"एक आण की तोडून. वास तरी घेते."

धाकटीनं जिन्याकडे पाहिलं.

"उद्या आणते हं," ती म्हणाली, आणि तिथेच लादीवर आडवी झाली.