बायकोची किडनी, माझं फुफ्फुस

बायकोनं किडनी दिली की नवरा निम्मा तिच्या नावावर चढतो. आमच्या शालूबाईनं मला दिली, तवापास्नं रोज सकाळी एकच इच्यारती, "आवं, माझी किडनी कशी हाय?" पलटणीत सुभेदार हुतो मी. घरात साधा शिपाई बी न्हाई.

किडनी टिकावी म्हनून गोळ्या चालू हुत्या. त्यानं रोगाशी लढायची ताकद कमी हुती, तवा गर्दीपास्नं लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावल्यालं. शालूबाईनं लगीच माझी खाट गुरांच्या वैरणीच्या खोलीत टाकली. "हितं माणूस काय, चिटपाखरू येत न्हाई," म्हनली. नातवंडांस्नी बी दारातनंच हाकललं.

तरी बी खोकला लागला. वडूजला छातीचा फोटो काढला, तर फुफ्फुसावर डाग. शालूबाई भडकली. "चोरून बिडी वढताय!" आईशप्पत सांगतो, बिडी म्या कवाच सोडलीया!

सांगलीच्या डॉक्टर सुमैरा मॅडम फोटो बघून म्हणाल्या, "टीबी असेल, बुरशी असेल, गाठही असेल. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. अंदाजानं औषध दिलं तर किडनी जाऊ शकते. फुफ्फुसात नळी घालून आतलं पाणी तपासू."

शालूबाईचा चेहराच उतरला. मला बी लय भ्या वाटलं. मरायचं न्हवं, तिनं दिल्यालं वाया जायचं.

नळी घातली, जीव नकोसा झाला. रिपोर्ट आला: बुरशी. मॅडम म्हणाल्या, "औषध आहे, किडनी सांभाळून देऊ. पण काका, तुम्ही झोपता कुठे?"

शालूबाई मधीच, "बिडीनं झालं वो, मॅडम!"

म्या तिच्याकडं बघितलं. स्वतःचं पोट फाडून दिल्याली बाई. म्हनलं, "घरात करमंना, म्हनून मीच हट्टानं वैरणीच्या खोलीत झोपतो. पत्रा गळतोय. भिजल्याली कडबाकुट्टी हाय उशाला, काळी पडल्याली."

"अहो, तीच बुरशी नाकातून गेली असणार! कमाल आहे तुमची!" मॅडमनी मला असं झापलं की पलटणीतला साहेब बरा.

म्या मान खाली घातली. तेवढ्यात शालूबाई वराडली, "खोटं बोलत्यात! म्याच टाकलं त्यास्नी तिथं!" आन् पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडाय लागली.

घरी आल्यावर खाट माजघरात आली, तिच्या शेजारी. कुट्टी गड्याकडनं उकिरड्यात गेली. सकाळी डोळं उघडलं तर ही उशाशी बसल्याली.

तिनं इच्यारायच्या आधीच म्या सांगितलं, "झकास हाय तुजी किडनी."

"खड्ड्यात गेली किडनी," ती म्हनली. "तुमी कसं हायसा?"