पिशीमाचा थांबा

ऑनलाइन ज्ञानकोशात फुकट लिहिणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं एक पान मिळतं. देबल नस्कर तिथे 'घाटबाबू' या टोपणनावाने लिहायचा. त्याच्या पानावर होतं: व्यवसाय वाहतूक नियोजक, मुक्काम कलकत्ता, आवड म्हणजे बंद पडलेले बसमार्ग, जुने घाट आणि ट्राम. वाचणाऱ्याला वाटावं, काय रसिक माणूस आहे. यातले काही मार्ग ह्याच रसिकाच्या सल्ल्याने बंद पडले होते, तेवढं मात्र त्याने लिहिलं नव्हतं. दिवसा कचेरीत बसून मार्ग कापायचे आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांच्यावर हळवे लेख लिहायचे, असा त्याचा प्रपंच बरीच वर्षं बिनबोभाट चालला होता.

"खाटकाने बोकडांचे फोटो जमवावेत, तसं आहे तुझं," असं त्याची बायको शर्बरी म्हणायची. तो हसून चहा मागायचा.

त्याचे वडील खगेन नस्कर यांनी उभा जन्म एकच बस चालवली होती. नंबर पंचाण्णव-ग, कालीतला ते बाबूघाट. हा मार्ग बंद झाला तेव्हा देबलने त्यांना सांगितलं होतं की निर्णय वरून आला. म्हाताऱ्याने ते मानलं. ड्रायव्हरच्या आयुष्यात सगळंच वरून येतं. पण त्यानंतर त्यांनी कुठल्याच गाडीच्या चाकाला हात लावला नाही.

या दुर्गापूजेनंतर त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आणि शर्बरीला बाजूला घेऊन सांगितलं की आता जेवढं मिळेल तेवढं आपलं. खाटेवर बसल्या बसल्या एकदा खगेनबाबू मुलाला लहानपणच्या लाडक्या हाकेने म्हणाले, "खोका, तू गाड्यांवर लिहितोस म्हणे. माझ्या गाडीवर लिही की. मी गेल्यावर कोणी म्हणायला नको, अशी बस नव्हतीच."

देबलने आधी विषय टाळला. पण मरणाच्या वाटेवरच्या बापाला नाही कसं म्हणणार?

मग रविवारी दुपारी मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि गरम भजी मध्ये ठेवून बाप सांगायचा आणि मुलगा टाइप करायचा. म्हाताऱ्याला नुसता हुरूप आला होता. सरकारी कागदावर नसलेले थांबे त्यांना पाठ होते. एक होता दारुड्याचा मोड, म्हणजे वळण. एक होता बंद गिरणीच्या घड्याळापाशी. आणि एक होता पिशीमा.

पिशीमा म्हणजे आत्या. कोणाची ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एक विधवा म्हातारी रस्त्याच्या कडेला मुडीचं टोपलं घेऊन उभी राहायची. तिथे थांबा नव्हता, पण तिला बघून खगेनबाबूंचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. कंडक्टर हारू पत्र्यावर हात मारायचा, एकदा मारला की थांब आणि दोनदा मारला की चल. हळूहळू इतर लोकही तिथे उतरू लागले आणि हारू "पिशीमा, पिशीमा" अशी हाळी देऊ लागला.

"हे नक्की घाल," म्हातारा बजावून म्हणाला. "बाकीचं विसरलास तरी चालेल."

देबलने सगळं घातलं. काही दिवसांनी लेखाच्या माथ्यावर सूचना झळकली. 'शालिक' नावाच्या कोणा तरुण स्वयंसेवकाने अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं की या मार्गाला छापील पुरावा दिसत नाही, तो न मिळाल्यास लेख काढावा लागेल. ज्ञानकोशाचा नियमच तसा. स्वतःच्या आठवणीला तिथे किंमत नाही.

बापाला हे सांगितलं तेव्हा तो गोंधळला. "मी चालवली ना. मला विचारा म्हणावं."

"तसं चालत नाही, बाबा."

"म्हणजे मी जिवंत आहे ते पुरत नाही?"

छापील पुरावा होता. देबलच्या कचेरीचा अहवाल होता, त्यात पंचाण्णव-ग वर अख्खं पान होतं आणि तो मार्ग बंद करावा अशी शिफारस होती. मुखपृष्ठावर पहिलं नाव देबलचं होतं. त्याने शालिकला उत्तर दिलं की बराच शोध घेतला, पण काही हाती लागत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेखांतलं खोटं वेचून काढणारा हा माणूस स्वतःवर आली तेव्हा सरळ खोटं बोलला. बापाचं पान पुसलं जाईल, हे त्याला चाललं. त्यावर आपलं नाव दिसेल, हे चालेना.

पण शालिक पोरगा चिकट निघाला. त्याला त्या म्हाताऱ्या बसची दया आली असावी. कुठून कुठून धुंडाळून त्याने तो अहवाल शोधला, लेख वाचवला आणि पुराव्यात न बसणारं सगळं छाटून टाकलं. "घाटबाबूदा, पुरावा मिळाला, पान आता पक्कं झालं," असा निरोप त्याने धाडला. तो देबलने कचेरीत वाचला आणि तो तसाच उठून घरी निघाला.

दारात पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. आपलं पान राहिलं का, असं खगेनबाबू रोज विचारायचे, म्हणून शर्बरीने फोन उघडून वाचायला घेतलं होतं.

"पंचाण्णव-ग हा कालीतला ते बाबूघाट असा बसमार्ग होता. दुपारच्या फेऱ्या जवळजवळ रिकाम्या जात असल्याने एका अभ्यासाच्या शिफारशीवरून तो बंद करण्यात आला."

"पुढे?"

"एवढंच आहे, बाबा. बाकीचं काढलंय."

"आणि ह्याला पुरावा काय?"

शर्बरीने खालची टीप काढली. वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाच, बौमा," सासरे सुनेला म्हणाले.

"देबल नस्कर आणि इतर," ती म्हणाली.

देबल एका पायात बूट घालून दारात उभा होता. बापाने त्याच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे बघत विचारलं, "दुपारी गाडी रिकामी जाते, हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच," देबल म्हणाला. "जेवताना."

खरंच होतं. माशाचा काटा काढता काढता बाप हसत सांगायचा की दुपारी गाडीत आम्ही तिघंच, मी, हारू आणि पिशीमा, काय राजाचा थाट. कचेरीची माणसं एकदा मोजणीला गेली होती, पण अहवालातलं ते वाक्य ह्या जेवणातलंच होतं.

"तेव्हा माझा शब्द चालला म्हणायचा," खगेनबाबू म्हणाले. आवाजात राग असता तर देबलला बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं, "ते 'जवळजवळ' लिहिलंयस, ती पिशीमा ना?"

"हो, बाबा."

"बस बंद झाल्यावर ती टोपलं डोक्यावर घेऊन चालत बाजाराला जायची. हारूने पाहिली होती. मग दिसेनाशी झाली." ते भिंतीकडे कुशीवर वळले. "राहू दे ते पान. एक शब्द तरी आहे तिचा."

देबलला रडू आलं आणि त्याने ते आवरलंही नाही. त्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या पानावर आवडीनिवडींच्या खाली लिहिलं: पंचाण्णव-ग चे चालक माझे वडील, मार्ग बंद करण्याची शिफारस माझी. ज्याचा असा संबंध असेल त्याने त्या लेखाला हात लावायचा नसतो, हाही तिथला नियम. त्याने तो पाळला.

फाल्गुनात खगेनबाबू गेले. त्यांना घेऊन मॅटाडोर टेम्पो गल्लीतून निघाला तेव्हा म्हातारा हारू कोणाला न विचारता मागच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला. गाडी बसच्या जुन्या रस्त्याने स्मशानघाटाकडे चालली होती. गिरणी मागे पडली. पुढे एका जागी, जिथे ना पाटी होती ना माणूस, हारूने पत्र्यावर एकदा हात मारला. ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि काय झालं म्हणून मागे पाहिलं.

"पिशीमा," हारू म्हणाला.

कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. देबल बापाच्या पायापाशी बसला होता, त्याने मान खाली घातली. मग हारूने पत्र्यावर दोनदा हात मारला आणि गाडी पुढे निघाली.