चार असेल तरच चार

मी एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो, आणि आयुष्यात एकदाही मी खोटा आकडा दाखवलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर तसा आरोप झाला होता.

तापवलेल्या काचेची नळी ओढून मला घडवलं. पोटात लाल रंगाचा द्रव भरला, अंगावर बारीक रेघा कोरल्या. मग मी या दवाखान्यात आलो आणि लसींच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात टांगला गेलो. तान्ह्या बाळांना टोचायच्या लसी इथे असतात. त्या दोन ते आठ अंशांच्या मध्येच ठेवाव्या लागतात. त्यांचा राखणदार मी.

पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. कंपाउंडर दिवसातून दोनदा दार उघडत, मला वाचत आणि दाराला लावलेल्या तक्त्यावर आकडा लिहीत. पुढे ते दार न उघडताच लिहू लागले. चार, चार, चार. मी आत पाच दाखवो नाहीतर सात, बाहेर आपले चार. फ्रिज म्हातारा झाला, दाराचं रबर सैल पडलं, मी आठाला टेकू लागलो. तक्त्यावर चारच. मला विचारायचंच नव्हतं तर टांगलं कशाला?

तक्ता इंग्रजीत छापलेला होता. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर सूचना होती : व्हेरिफाय. तिथे दुसऱ्या माणसाने सही करायची. हे काम नव्या मावशींकडे आलं. त्या झाडलोट करत, कापूस आणि सुया लावून ठेवत. अजून कायम झालेल्या नव्हत्या. सही करण्याआधी त्यांनी तो शब्द पेनने तळहातावर उतरवून घेतला आणि दवाखानाभर विचारत फिरल्या.

"म्हणजे सही," कंपाउंडर म्हणाले.

"म्हणजे शिक्का," खिडकीवरचे क्लार्क म्हणाले.

"म्हणजे ओके," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्याकडे सगळ्याचाच अर्थ ओके."

शेवटी त्या फ्रिजशेजारी कापूस कापत बसलेल्या सिस्टरकडे आल्या. तिथलं बोलणं मला दारातूनही ऐकू आलं.

"स्वतः तपासून, खरं आहे याची खात्री करणं," सिस्टर म्हणाल्या. "पण अर्थ पाठ केला म्हणून शब्द येत नाही, मावशी. वापरून बघावा लागतो. घराला कुलूप लागलंय हे मी व्हेरिफाय केलं, असं तुम्ही कधी म्हणाल?"

"ओढून बघितल्यावर."

"आणि शेजारीण म्हणाली, लागलंय म्हणून, तर?"

"तर मी शेजारणीचं ऐकलं. तेवढंच."

"आला तुम्हाला शब्द."

दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. बाहेर बाळांना घेऊन आयांची रांग लागली होती. कंपाउंडरांनी तक्त्यावर चार लिहिले आणि पेन पुढे केलं. "मावशी, सही ठोका."

मावशींनी पेन घेतलं नाही. त्यांनी दार उघडलं, वाकल्या आणि डोळे माझ्या रेघेच्या समोर आणले. किती वर्षांनी कुणी मला नीट पाहत होतं.

"इथे अकरा आहे."

"तो म्हातारा झालाय. काहीही दाखवतो."

"मग त्याच्या नावावर रोज चार कसं लिहिता, साहेब?"

कंपाउंडरांनी आवाज खाली आणला. ते दुष्ट नव्हते, कंटाळलेले होते. "हे बघा, नव्या फ्रिजसाठी तीनदा अर्ज केलाय. अकरा लिहिलं की माझ्याकडे खुलासा मागतात. चार लिहिलं की कुणी विचारत नाही. आणि तुम्हाला कायम करायचं पत्र माझ्या शेऱ्यासाठी पडलंय, विसरू नका."

"विसरले नाही," मावशी म्हणाल्या. "पण हा खोटा आहे हे तुम्ही तपासलंय का?"

सिस्टर उठल्या. शेजारच्या डीप फ्रीझरमधला बर्फ कुटून त्यांनी पेल्यात भरला, थोडं पाणी घातलं. वितळत्या बर्फात खरा थर्मामीटर शून्यावरच येतो, दुसरीकडे कुठे नाही. मला त्यात उभं केलं. मित्रांनो, मला जराही भीती वाटली नाही. तपासा, हेच तर मी इतकी वर्षं आतून म्हणत होतो. पाच मिनिटं तिघंही पेल्याभोवती उभी होती. माझी लाल रेघ उतरत उतरत शून्यावर आली आणि तिथेच थांबली.

मावशींनी चारावर काट मारली, शेजारी अकरा लिहिले आणि सही केली. अक्षर वेडंवाकडं होतं.

डॉक्टरबाईंनी तक्ता पाहून लसी बाजूला ठेवायला लावल्या आणि मोठ्या दवाखान्यातून दुसऱ्या मागवल्या. त्या यायला दुपार झाली. रांगेतली एक आई चिडली. "सकाळपासून उभी आहे मी. आधी सांगता येत नव्हतं?"

"आधी बघितलंच नव्हतं, ताई," मावशी म्हणाल्या. "चूक आमची. पण खराब झालेली लस तुमच्या बाळाला टोचू देणार नाही."

त्या आईने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि थांबली.

कंपाउंडरांना खुलासा द्यावा लागला. मावशींचं पत्र अजून त्यांच्याच टेबलावर आहे. "झालं समाधान?" त्यांनी एकदा विचारलं. "अजून नाही, संध्याकाळचं वाचायचंय," असं म्हणून मावशींनी दार उघडलं.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. माझं कौतुक तर मुळीच नको. माझ्यासमोर या, वाका, वाचा आणि दिसेल तेच लिहा. आकडा तुम्हाला आवडणार नाही, साहेबांना आवडणार नाही, वरून खुलासा मागतील. मागू द्या. तुमच्या सोयीसाठी मी एक रेघही खाली उतरणार नाही.