गुळव्याच्या पोटरीतली शीर

मित्रांनो, मी एक जुनी, वाकडीतिकडी झालेली शीर आहे. अंथुर्ण्याच्या गेणबा गुळव्याच्या डाव्या पोटरीत माझा मुक्काम. मला पाहून पाहुणेरावळे नाक मुरडतात. पण माझं काम ऐकलंत तर तुम्हीही मान डोलवाल.

हृदयातून ताजं रक्त धमन्यांमधून जोरात खाली येतं, आणि त्याचं सगळ्यांना कौतुक असतं. वापरून झालेलं रक्त परत वर कोण नेतं? आम्ही शिरा नेतो, आणि तेही चढावर. माझ्या आत लहान लहान झडपा आहेत. त्या वरच्याच बाजूला उघडतात आणि चढलेलं रक्त मागं घसरू देत नाहीत. रक्त ढकलते ती मात्र पोटरी. माणूस चालला की ती आवळते आणि रक्त वर सरकतं. मोट चालते ती बैलांच्या जिवावर. माझे बैल म्हणजे गेणबाची पोटरी. तिच्यासारखी सोबतीण मला दुसरी मिळाली नसती.

तरुणपणी गेणबा कालव्याकडेनं मैलोन् मैल चालायचा, तेव्हा मी कशी सरळसोट होते. मग तो गुळव्या झाला. आणि गुळव्या तरी कसा! काहिलीत, त्या भल्या मोठ्या कढईत, उकळणाऱ्या उसाच्या रसाचा नुसता फेस पाहून तो पाक कधी उतरवायचा ते ओळखायचा. इंदापूरपर्यंत त्याच्या गुळाचं नाव होतं. पण त्यापायी तो दिवसभर एका जागी खांबासारखा उभा राहायचा. पोटरी हलेना, रक्त माझ्यात साचू लागलं, झडपा ढिल्या पडल्या. मी फुगले, वाकडीतिकडी झाले. माझ्याकडे बघायला गेणबाला सवड नव्हती, याचं मला वाईट वाटायचं.

एकदा उकळत्या पाकाचा शिंतोडा नेमका माझ्यावर उडाला आणि टपोरा फोड आला. त्या काळी घरोघरी नारू निघायचा. बारवेच्या पाण्यातून पोटात गेलेला हा दोऱ्यासारखा किडा पायाला फोड आणून बाहेर पडे. गावातला म्हस्कू तो काडीला गुंडाळून अलगद काढी. दुसऱ्या दिवशी तो रस प्यायला गुऱ्हाळावर आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"गेणबा, ह्यो नारूच हाय. फोडामागं दोरी बघ की कशी दिसतीया."

"मग काढून टाक, तात्या. पर उभ्या उभ्याच काढ. पाक आलाय, मला बसाय सवड न्हाय."

म्हस्कूनं तापवलेला दाभण फोडात घातला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. काठोकाठ भरलेली मी फुटले आणि रक्ताची धार लागली.

"आरं देवा, नारू न्हाय. ही शीर हाय," म्हस्कू म्हणाला आणि दाभण टाकून मागं सरला. गेणबाला घेरी आली. अजून थोडं रक्त गेलं असतं तर तो आणि मी दोघंही संपलो असतो.

काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं घालत असलेली त्याची बायको, साखरबाई, धावत आली. तिनं त्याला आडवं केलं, त्याचा पाय उचलून शेजारच्या गुळाच्या ढेपेवर ठेवला आणि अंगठा माझ्यावर घट्ट दाबला.

"अगं, ढेपंला पाय लागतोय," गेणबा पुटपुटला.

"लागू द्या. देवाला मी सांगंन काय ते."

पाय वर गेला आणि माझा चढाचा उतार झाला. साचलेलं रक्त आपसूक हृदयाकडे निघालं, धार मंदावली, मग थांबली. मी आयुष्यात खूप ताकद पाहिली, पण साखरबाईच्या त्या अंगठ्याइतकी मोलाची नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी घोट्यापासून वर पट्टी बांधून दिली. एका जागी उभं राहू नको आणि रोज थोडा वेळ पाय उंचावर ठेव, असं त्यांनी बजावलं. आता गेणबा काहिलीभोवती फिरत पाक हलवतो. "गुळव्या परदक्षिणा घालतोय," म्हणून लोक हसतात. मला मात्र त्या फेऱ्यांचं फार अप्रूप आहे.

मित्रांनो, तुमच्याही पायांत माझ्या बहिणी गुपचूप राबत असतात. त्यांच्यासाठी चालत राहा, एवढंच माझं मागणं.

संध्याकाळी गेणबा उसाच्या मोळीवर पाय ठेवून पडतो. उसाला पाय लागतो म्हणून आधी मोळीला हात लावून तो हात कपाळाला नेतो. परवा मोळीला नमस्कार झाल्यावर त्याचा हात तसाच खाली आला, माझ्यावरून हलकेच फिरला आणि पुन्हा कपाळाला गेला.

"आता कुणाच्या पाया पडताय?" साखरबाईनं विचारलं.

"हिच्या," गेणबा म्हणाला.