बदकांच्या पायाखालची जागा

आमच्या सासूबाई, धुरपताबाई, एकदा बोलल्या की बोलल्या. मुरुडच्या बाजारात भाजीवालेसुद्धा त्यांच्याशी हुज्जत घालत न्हाईत. सोमवारी चहा पिता पिता म्हनल्या, "राजकन्या, रविवारपर्यंत परसातला वास गेला तर बदकं ठेव. न्हाईतर शांतम्माला बोलवलंय मी, टोपली घेऊन."

शांतम्मा म्हंजे मागच्या गल्लीतली, कोंबड्या पाळनारी. माझ्या सहा बदकांवर तिचा कधीचा डोळा. आन् मी ती अंडी कोंबडीखाली ठेवून, रोज उठून बघून पिल्लं काढलेली! देते होय तिला? मरेन पन देनार न्हाई, असं मनात म्हनलं.

खरं तर ह्या वासाची सुरुवात सासूबाईंनीच केली होती. खुराड्यापुढची जागा त्यांनीच हौसेनं शेनानं सारवून दिली, वर रांगोळीबी काढली. बदकांनी चोचीनं पानी सांडून सांडून दोन दिवसांत त्याचा राडा केला. मग मी सोयाबीनचं भुसकट टाकलं, आपल्याकडं त्याला काय तोटा? ते वरून कोरडं आन् खालून कुजलेलं, बुरशी धरलेलं. शेवटी आमच्या मालकांनी घराच्या उरलेल्या फरशा बसवल्या. "धुवायला सोपं," म्हनले. सोपं कसलं, पानी सांध्यांत मुरून वास दुप्पट झाला.

मंगळवारी एक बदक लंगडायला लागलं. उचलून तळपाय बघितला तर लाल, सुजलेला. माझं डोकंच फिरलं.

"काढा त्या फरशा! आत्ताच्या आत्ता!" मी असली वरडले की मालक ताटावरून उठले.

दोन दिवस खांदलं. वीतभर माती काढली, खाली विटांचे तुकडे, वर बांधकामातली उरलेली वाळू चाळून, चांगली चार-सहा बोटं. पान्याचं घमेलं कोपऱ्यात खडीवर नेलं, म्हंजे सांडलं तरी जिरतं. खुराड्यात निजायच्या जागी तेवढं साळीचं तूस, धर्माबादच्या गिरनीतून आनलेलं. सकाळ-संध्याकाळ दाताळ्यानं वाळू ओढायची, घान उचलायची. शनिवारी मी खाली वाकून हुंगलं, तर वासच न्हाई!

रविवारी उजाडायला शांतम्मा टोपली घेऊन हजर. मी पदर खोचून, भांडायच्या तयारीनंच तिला परसात नेलं. बघते तर बदकं अजून खुराड्यात कोंडलेली, आन् सासूबाई ओढून ठेवलेल्या वाळूत अनवानी येरझारा घालत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

त्या दचकल्या. तोंड फिरवून म्हनल्या, "काय न्हाई. टाचा दुखत्यात, घरात फरशी बसली तवापासून. हितं जरा बरं वाटतंय."

"दोन वरसं झाली की! मला सांगायचं न्हाई का?"

"बदकानं सांगितलं होतं का तुला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शांतम्मानं हळूच विचारलं, "मग बदकं?"

"बदकं कुठं जात न्हाईत," सासूबाई म्हनल्या. "तू चहा घेऊन जा."

मी तिथंच वाळूत बसले आन् त्यांचा पाय मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली, सुजलेली.

"सोड गं, लोकं बघत्यात," त्या म्हनल्या. पन पाय काही काढून घेतला न्हाई.