वेंडेलवरचा पूर्ण विश्वास

शनिवारी संध्याकाळी कोच वेंडेल ओस्टरहाउटची नोकरी गेली. ते विसरा. असं काही झालेलंच नाही. आज गुरुवार आहे, नेब्रास्कातल्या त्या छोट्या कॉलेजची फुटबॉल टीम लागोपाठ हरत चालली आहे, आणि दुपारीच क्रीडा संचालकांनी जाहीर केलंय, "कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे."

या धंद्यात असा विश्वास जाहीर झाला की माणूस आठवड्याभरात घरी बसतो. वेंडेलने घरी येऊन ते सांगितलं.

"पूर्ण म्हणाले?" बायको लोरेनने विचारलं. "नुसता विश्वास नाही?"

"पूर्ण."

"मग मी खोके काढते."

"थांब गं. ट्रूडीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. या वेळी गाव बदलायचं नाही, असा शब्द दिलाय मी पोरीला."

अंगणात 'घर विकणे आहे'च्या पाट्या होत्याच. टीम हरली की गावकरी येऊन रोवून जायचे, वेंडेल उपटून गॅरेजमध्ये रचायचा. तेवढ्यात शेजारीण चीज घातलेल्या बटाट्यांचं गरम भांडं घेऊन आली. इथे ते मयताच्या घरी नेतात.

"अजून आहे मी, मिसेस क्लिंगमन."

"हो, दिसतंय ना! भांडं सावकाश द्या परत. म्हणजे, शनिवारपर्यंत."

शुक्रवारी तर एक जोडपं टेप घेऊन दिवाणखाना मोजायलाच आलं. पाटी बघून आलो म्हणे. त्या गृहस्थाच्या उन्हाने रापलेल्या मानेवर शिट्टीच्या दोरीचा पांढरा पट्टा होता.

"कोच?" वेंडेलने विचारलं.

"कोच," तो ओशाळला. "अजून पक्कं काही नाही हं. शेजार कसा आहे?"

"जेवण आणून देतात."

शनिवारी टीम चक्क जिंकली. पोरांनी वेंडेलला खांद्यावर घेतलं. खाली ट्रूडी रडत रडत टाळ्या वाजवत होती. सुटलो, असं त्याला वाटलं. मग पत्रकारांसमोर संचालक शेजारी बसले आणि माइक ओढून म्हणाले, "कोचवरचा आमचा विश्वास आता पूर्वीपेक्षाही वाढला आहे."

मागच्या रांगेतून लोरेन उठून घरी निघाली. खोके गॅरेजमध्ये, पाट्यांच्या मागे होते.

वेंडेलने माइक घेतला. "माझी एक रीतसर विनंती आहे. सदर प्रशिक्षकावरील सर्व विश्वास, मूळ व वाढीव, आजच्या तारखेपासून मागे घेण्यात यावा, आणि निदान मुलीची परीक्षा होईपर्यंत तो पुन्हा दाखवण्यात येऊ नये."