सरांचे बारा फोन

स्टेजवरच्या टीव्हीवर जाहिरात सुरू झाली आणि मिनिटाच्या आत शेजारच्या टेबलावरचे बाराच्या बारा फोन खणखणले. हॉल टाळ्यांनी दणाणला. कुणाच्या पिशवीत न सांडणारी किटली, कुणाच्या पायाशी घडीची शिडी. आपापला शोध सांभाळत बसलेली माणसं अर्धवट उठून माना उंचावू लागली. स्टेजवरच्या बारा मुलींनी रिसीव्हर उचलले आणि ऑर्डरी लिहायला घेतल्या.

"काल या माणसाला शेजारी ओळखत नव्हता," सूटवाले सर म्हणाले. "आज अख्खा देश त्याचा बाटल्या धुवायचा ब्रश मागतोय."

तिसऱ्या रांगेतल्या ताईच्या अंगावरही काटा आला, खोटं कशाला बोला. पण शेजारी धाकटा भाऊ सरांच्या करारावर सही करायला पेन उघडून बसला होता. तो टर्नर. घरामागच्या शेडमध्ये त्याचं लेथ मशीन. ताईची बोटं संधिवाताने आखडली तेव्हा त्याने त्याच मशीनवर बरणीचं झाकण उघडायचं यंत्र केलं. झकास चालायचं. आता ते टीव्हीवर झळकवायचं तर सरांची फी आगाऊ, आणि फीसाठी लेथ विकायचं. आज सही झाली की संध्याकाळी मशीन टेम्पोत चढणार होतं.

आठवडाभर ताईने डोकेफोड केली होती. मशीन गेलं तर पुढचं यंत्र कशावर करशील, कपाळावर? त्याचं एकच पालुपद, फोन वाजताना एकदा बघ आणि मग बोल. म्हणून ती आली होती.

सरांनी दुसरी जाहिरात लावली. कांदा चिरताना धाय मोकलून रडणारी बाई, मग सरांचं चॉपर घेऊन नवरीसारखी लाजणारी तीच बाई. पुन्हा बारा फोन. ताईने डोळे मिटले. एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ती. गर्दीच्या वेळी एक फोन सुरू होतो, दुसरा मध्येच घुसतो, तिसरा दोनदा वाजून गप्प बसतो, नुसता गोंधळ. इथे बारा घंटा एका दमात वाजत होत्या आणि एका दमात थांबत होत्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

ती उठली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी स्टेजवर चढली. तिसरी जाहिरात लागली, फोन वाजले, आणि मुलीच्या आधी ताईने कडेचा रिसीव्हर उचलला. रिसीव्हर तिच्या हातात आणि फोन टेबलावर ठणाणा करतोय. टाळ्या विरळ झाल्या. सर हसत म्हणाले की लाइनमध्ये बिघाड असेल. ताईने टेबलावरची चादर वर केली. बारा वायरी एका फळीवर आल्या होत्या, फळीला एकच बटण होतं आणि बटणावर एका घामाघूम माणसाचं बोट होतं. त्याने बोट उचललं. बाराही फोन गप्प.

शिडीवाला भडकला, फोन खोटे असतील, जाहिरात तर टीव्हीवर लागली ना? ताईने त्यालाच टीव्हीच्या मागे पाठवलं. चॅनेलची केबल नव्हतीच, एक पेन ड्राइव्ह खोचलेला होता.

धाकट्याचा चेहरा लाल झाला होता. "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

ताईला ते फार लागलं. तरी ती एवढंच म्हणाली, "माझंही ऐकू नकोस. वर ये आणि स्वतः कानाला लाव."

तो आला. त्याने एक रिसीव्हर उचलला, मग दुसरा, मग तिसरा. कशातच साधी घरघरही नाही. बाराव्यात तो "हॅलो" म्हणालासुद्धा.

ताई हॉलकडे वळली. "तुमच्या वस्तू चांगल्या असतील, माझ्या भावाची तर आहेच. पण विकून देतो म्हणणाऱ्याला आधी सांगा, विकत घेतलेला एक माणूस समोर उभा कर. आणि तो जे दाखवेल त्याला टाळी वाजवायच्या आधी हात लावून बघा. हात लावू देत नसेल, तर उठून घरी जा."

सर मागच्या दाराने केव्हाच सटकले होते. धाकट्याने पेन बंद करून मोबाइल काढला आणि लेथच्या गिऱ्हाइकाला मशीन विकायचं नाही म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस शब्द फिरवला म्हणून वाटेल तसं बोलत होता, आणि धाकटा ते सगळं कान लावून ऐकून घेत होता.